काचेवरचा आरसा : वऱ्हाडच्या उन्हाला परावर्तक फिल्म कितपत पुरी पडते?

चैत्र सरता सरता अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांतील दुपारचे रस्ते ओस पडू लागतात. दुकानांपुढे हिरव्या जाळ्या ताणल्या जातात, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, नव्या गवताच्या पट्ट्यांसाठी बाजारात गर्दी होते. मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याच्या पाऱ्याने ४७ अंश सेल्सिअसची पातळी ओलांडली होती. मे २०२४ मध्ये तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाचा आधार घेऊन ३१ मेपर्यंतचा आदेश काढावा लागला. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी व पंखे असावेत, भर उन्हात कामगारांना राबवू नये, शिकवणी वर्गांच्या वेळा बदलाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की भारतीय हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो आणि ४७ अंशांवर गेला की तीव्र लाट. या व्याख्येच्या दोन्ही पायऱ्या अकोलेकरांनी अनुभवलेल्या आहेत.

अशा हवामानात गेल्या काही वर्षांपासून शहरी घरांच्या खिडक्यांवर एक नवी चकाकी दिसू लागली आहे. अमरावतीच्या राजापेठ, साईनगर भागांत किंवा अकोल्याच्या जठारपेठ, गोरक्षण रोडवरील सदनिकांकडे दुपारी पाहिले, तर अनेक काचांमध्ये समोरच्या इमारतीचे स्वच्छ प्रतिबिंब दिसते. ही आरशासारखी काच नसून साध्या काचेवर आतून चिकटवलेली परावर्तक फिल्म असते. ऊन अडते, घर थंड राहते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही, अशी तिची तिहेरी ख्याती आहे. या ख्यातीतील काही भाग शास्त्राच्या कसोटीवर उतरतो, काही भाग अर्धवट खरा आहे आणि काही भाग विक्रेत्याच्या उत्साहातून आलेला आहे. पैसे खर्च करण्यापूर्वी हे तीन भाग वेगळे करून पाहणे हिताचे ठरते.

काचेतून उष्णता येते कशी?

धाब्याच्या जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे आणि उजेडापुरत्या लहान खिडक्या, अशी वऱ्हाडातील घराची घडण होती. ऊन भिंतीवर पडे, भिंत सावकाश तापे आणि ती उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असे. सिमेंटच्या स्लॅबची आणि विटांच्या पातळ भिंतींची घरे आली, त्यांच्यासोबत अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्याही आल्या. चार फूट रुंद, चार फूट उंच काच हे आता सामान्य माप झाले आहे. उजेड वाढला, त्याबरोबर ऊनही घरात शिरले.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणारा प्रकाश निम्म्याहून थोडा कमी असतो. साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात येते, तर सुमारे पाच टक्के वाटा अतिनील किरणांचा असतो. साध्या पारदर्शक काचेवर पडलेल्या एकूण सौर ऊर्जेपैकी जवळजवळ ८५ टक्के या ना त्या मार्गाने खोलीत पोहोचते. आत आलेले किरण फरशी, पलंग, पडदे यांवर पडतात, त्या वस्तू तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतात. परंतु तापलेल्या वस्तूंपासून निघणारे हे दीर्घ लहरींचे प्रारण काचेतून थेट बाहेर जाऊ शकत नाही. आत येणाऱ्याला वाट मोकळी आणि बाहेर जाणाऱ्याला बंद, असा काचेचा स्वभाव आहे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत जे घडते, तेच सौम्य प्रमाणात पश्चिमेच्या खोलीत घडत असते.

म्हणूनच आतून लावलेल्या पडद्याने अपेक्षेइतका आराम मिळत नाही. पडदा ऊन अंगावर येऊ देत नाही हे खरे, पण ऊन त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा ते काच ओलांडून घरात आलेले असते. गडद रंगाचा पडदा ते शोषून घेतो आणि खोलीतच उष्णता सोडतो. ऊन काचेवर किंवा त्याहून चांगले म्हणजे काचेच्या बाहेरच अडवणे, हा उष्णता टाळण्याचा मूळ नियम आहे.

फिल्म म्हणजे नेमके काय?

या फिल्मचा पाया पॉलिएस्टरचा अत्यंत पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. निर्वात कक्षात त्यावर अॅल्युमिनियम किंवा अन्य धातूचा इतका विरळ थर बसवला जातो, की त्यातून आरपार दिसते. एका बाजूस चिकटद्रव्य आणि त्याच्या रक्षणासाठी सुटणारा कागदी किंवा प्लास्टिकचा थर असतो, दुसऱ्या बाजूस ओरखडे न पडू देणारे कठीण लेपन असते. सूर्यनियंत्रक फिल्मची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीला अशा फिल्मचे पेटंट १९६६ साली मिळाले होते.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला रंगीत फिल्मचा. ती प्रकाश शोषून घेऊन अंधार करते, पण उष्णता परतवण्याचे काम बेताचेच करते आणि हलक्या प्रतीची असेल तर काही उन्हाळ्यांत जांभळट पडते. दुसरा धातूच्या थराचा, म्हणजे आरशासारख्या परावर्तक फिल्मचा. ऊन परत फेकण्यात ती सर्वांत सरस असते आणि दिवसा खासगीपणाही तिच्यामुळेच मिळतो. तिसरा सिरॅमिक किंवा तत्सम सूक्ष्मकणांच्या फिल्मचा. ती आरशासारखी दिसत नाही, पुरेसा उजेड आत येऊ देते आणि अवरक्त किरण प्रामुख्याने शोषून घेते. तिची किंमत अर्थातच अधिक असते.

फिल्मची कामगिरी मोजणारे दोन आकडे ग्राहकाने माहीत करून घ्यायला हवेत. पहिला सौर उष्णता प्रवेश गुणांक, ज्याला तंत्रज्ञ एसएचजीसी म्हणतात. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेचा कितवा भाग आत आला, हे तो सांगतो. साध्या काचेचा गुणांक ०.८५ च्या आसपास असतो; चांगली परावर्तक फिल्म लावल्यावर तो ०.३० किंवा त्याखाली येऊ शकतो. दुसरा आकडा दृश्य प्रकाश पारगमनाचा, म्हणजे व्हीएलटीचा. तो २० टक्के असेल तर उजेडाचा पाचवा हिस्सा आत येतो. पहिला आकडा जितका कमी तितके बरे. दुसरा मात्र फार खाली गेला तर भरदुपारी दिवे लावावे लागतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी आणलेल्या इको निवास संहितेतही उष्णता रोखण्याच्या अटीबरोबरच काचेतून किमान किती प्रकाश यावा याची अट घातलेली आहे, ती याच कारणाने.

एका खिडकीचा हिशेब

चार फूट बाय चार फुटांच्या काचेचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर भरते. मे महिन्यात दुपारी अडीच ते साडेसहा या चार तासांत पश्चिमेकडील उभ्या काचेवर प्रत्येक चौरस मीटरला सरासरी ४५० वॉट ऊर्जा पडते असे धरू. म्हणजे खिडकीवर एकूण सुमारे ६७० वॉट. त्यातील ५७० वॉट साध्या काचेतून आत येतात. पूर्वीचे ६० वॉटचे नऊ-दहा बल्ब खोलीत सलग चार तास जळत ठेवावेत, इतकी ही उष्णता झाली. ०.३० गुणांकाची फिल्म लावली तर हाच आकडा २०० वॉटवर येतो. चार तासांत जवळपास दीड किलोवॉट-तास उष्णता बाहेरच राहते.

वातानुकूलन यंत्र एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे दीड युनिट उष्णता टळली म्हणजे रोज अर्धे युनिट वीज वाचली. नव्वद दिवसांच्या उन्हाळ्यात एका खिडकीमागे ४५ आणि दोन खिडक्यांमागे ९० युनिट. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यानुसार चढत जातात, त्यामुळे वाचलेले युनिट हे सहसा वरच्या, म्हणजेच महागड्या टप्प्यातले असतात. अर्थात खिडकीसमोर झाड किंवा शेजारची इमारत असेल, तर मुळातच ऊन कमी येते आणि बचतही त्याच प्रमाणात घटते.

वऱ्हाडातील बहुसंख्य घरांत मात्र उन्हाळा काढला जातो तो कूलरवर, आणि कूलरचा हिशेब पाण्यात मांडावा लागतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषली जाते. तेव्हा त्या एका खिडकीतून येणारी दीड युनिट जादा उष्णता घालवायला कूलरला रोज दोन लिटरांहून अधिक पाणी वाफेत घालवावे लागते. अकोल्याला काटेपूर्णा प्रकल्पाचे आणि अमरावतीला अप्पर वर्धा प्रकल्पाचे पाणी मिळते. ज्या गावात नळ काही दिवसांआड येतो आणि उन्हाळ्यात टाकीची पातळी रोज बघावी लागते, तेथे दोन-तीन खिडक्यांमागे वाचलेले पाच-सहा लिटर पाणीही गृहिणीच्या लक्षात येण्यासारखे असते.

कोणत्या खिडकीला फिल्म लावावी?

या प्रश्नाचे उत्तर आकाशात आहे आणि ते वऱ्हाडापुरते विशेष आहे. अकोला आणि अमरावती ही शहरे विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळपास २१ अंशांवर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला वसली आहेत. त्यामुळे २३ ते २५ मेच्या दरम्यान या दोन्ही शहरांत मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस ऐन उन्हाळ्याच्या कळसाला येतो. त्याचा अर्थ असा, की सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळपास पडतच नाही. एप्रिलमध्ये थोडेफार पडते, ते दीड फुटांच्या छज्जानेही अडते.

पश्चिमेची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मेअखेर दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर आलेला असतो. त्या तिरप्या उन्हात दीड फुटाच्या छज्जाची सावली काचेवर फुटभरही उतरत नाही. उरलेल्या तीन फुटांतून ऊन सरळ खोलीच्या मध्यापर्यंत येते. शिवाय हवेचे तापमान याच वेळी कमाल पातळीच्या आसपास असते आणि भिंतीही तापलेल्या असतात. म्हणून पश्चिमेची खिडकी हा फिल्मचा पहिला मान. पूर्वेच्या खिडकीवरही तितकेच ऊन पडते, पण ते सकाळच्या तुलनेने थंड वेळेत, त्यामुळे तिचा क्रम दुसरा. मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला २२ अंश सरकून मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीवरही संध्याकाळी थोडे ऊन येते. त्यासाठी खर्च करण्याची सहसा गरज नसते.

दक्षिणेची खिडकी मोकळी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. फिल्म ऋतू ओळखत नाही. पौष-माघात वऱ्हाडात रात्री चांगलीच थंडी पडते आणि दक्षिणेकडून येणारे कोवळे ऊन तेव्हा घराला, विशेषतः घरातील वृद्धांना, हवेहवेसे असते. विक्रेत्याच्या सांगण्यावरून सरसकट सर्व खिडक्यांना फिल्म लावणाऱ्याने जवळपास निम्मे पैसे अशा काचांवर घातलेले असतात, ज्यांना उन्हाळ्यात तिची गरज नव्हती आणि हिवाळ्यात ती नको आहे.

फिल्म काय करू शकत नाही?

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक ऊन खिडकीवर नव्हे, तर स्लॅबवर पडते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. अशा घरात गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप, पांढरे परावर्तक रंगकाम किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर हा पहिला उपाय आणि फिल्म दुसरा. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या प्राणघातक लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि पुढे त्यात पांढऱ्या, थंड छतांना स्थान दिले, ते याच तत्त्वावर. क्रम उलटा केला, स्लॅब तसाच ठेवून खिडक्या चकाकवल्या, तर पैसे खर्चूनही फरक पडला नाही अशी निराशा वाट्याला येते.

दुसरी मर्यादा गरम हवेची. बाहेर ४५ अंश आणि आत ३५ अंश असताना काचेच्या आरपार उष्णता झिरपत राहते. ऊन नसले तरी झिरपते. साधी परावर्तक फिल्म या वहनाला फारसा अडथळा करत नाही. वर घेतलेल्या खिडकीत हे प्रमाण ८५ वॉटच्या घरात असते. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून येणाऱ्या झळांवर तर तिचा काहीच इलाज नाही. फटींना रबराची किंवा ब्रशची पट्टी बसवणे हे काम स्वतंत्रपणे करावे लागते.

तिसरी मर्यादा कूलरशी निगडित आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. तेवढीच हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी असावी लागते. फिल्म लावली म्हणून सर्व खिडक्या बंद करून कूलर चालवला, तर खोलीत दमटपणा साचतो आणि अंगाला चिकचिक सुरू होते. हवा बाहेर जाण्याची खिडकी उन्हाच्या बाजूची नसावी, सावलीच्या बाजूची असावी. म्हणजे पश्चिमेची फिल्म लावलेली काच बंद ठेवता येते आणि कूलरही नीट काम करतो.

शिवाय प्रश्न केवळ सुखसोयीचा नसतो. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर पंख्याचा वारा शरीर थंड करण्याऐवजी तापवू लागतो आणि अशा वेळी पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुपारी घरात एकटे असणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, लहान मुले यांची खोली पश्चिमेला असेल, तर फिल्म लावण्याआधी त्यांची जागा बदलणे हा बिनखर्चाचा आणि तातडीचा उपाय आहे. भोवळ, असंबद्ध बोलणे, अंग तापलेले असणे ही लक्षणे दिसली, की वैद्यकीय मदतीला पर्याय नाही.

दिवसा आरसा, रात्री काच

खासगीपणाच्या अपेक्षेने फिल्म लावणाऱ्यांचा सर्वाधिक गैरसमज येथे होतो. परावर्तक फिल्म एका बाजूनेच पाहू देते, असे समजले जाते. प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंनी सारखीच वागते. फरक पडतो तो उजेडाच्या प्रमाणाने. दिवसा बाहेर झगझगीत ऊन आणि आत मंद प्रकाश असतो. बाहेरच्या माणसाला काचेवरून परतलेले भरपूर ऊन दिसते आणि आतून येणारा क्षीण प्रकाश त्यात हरवून जातो. रात्री घरात दिवे लागले आणि बाहेर काळोख झाला, की हेच गणित उलटते. आतल्यांना काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसते, तर रस्त्यावरच्याला खोलीतले सर्व काही दिसू शकते. तेव्हा फिल्म लावूनही रात्रीसाठी पडदा लागतोच. दिवसरात्र आडोसा हवा असलेल्या न्हाणीघराच्या खिडकीला दुधी फिल्म अधिक योग्य.

मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली होती, हे अनेकांच्या स्मरणात असल्याने घराच्या काचांबाबतही शंका विचारली जाते. तो निर्णय वाहनांपुरता होता; घरांच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही. गृहनिर्माण संस्थेत मात्र इमारतीचे बाह्यरूप बदलत असल्याने संस्थेला विचारून घेणे शहाणपणाचे. आपल्या काचेवरून परतलेले ऊन समोरच्याच्या खोलीत तर जात नाही ना, हेही पाहावे. आपली उष्णता शेजाऱ्याच्या पदरात टाकणे हा काही उपाय म्हणता येणार नाही. काचेतल्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून चिमण्या आणि बुलबुल विणीच्या काळात चोची मारत राहतात, हाही एक अनुभव येतो. बाहेरून जाळी लावली की तो त्रास थांबतो.

खरेदी करताना

दुकानात बहुधा एक प्रयोग दाखवला जातो. उष्णता देणाऱ्या तांबड्या दिव्यासमोर फिल्म लावलेली काच धरतात आणि ग्राहकाला मागे हात धरायला सांगतात. हाताला उष्णता जाणवत नाही आणि सौदा होतो. परंतु तो दिवा बहुतांश अवरक्त किरणच देतो. सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा निम्माच असतो. त्यामुळे प्रयोगात दिसलेला फरक उन्हात तेवढा दिसत नाही. ९९ टक्के उष्णता रोखते, असा दावाही बहुधा अतिनील किरणांबद्दल किंवा अवरक्त किरणांच्या एखाद्या निवडक पट्ट्याबद्दल असतो. एकूण सौर ऊर्जेचा आकडा मागितला, की खरे चित्र समोर येते. उत्पादकाच्या छापील माहितीपत्रकावर एसएचजीसी, व्हीएलटी आणि हमीचा कालावधी यांचा उल्लेख नसेल, तर ती फिल्म न घेतलेली बरी. शक्य असल्यास नमुन्याचा तुकडा घरी आणून दुपारी चार वाजता पश्चिमेच्या काचेवर धरून पाहावा. उजेड किती कमी होतो, हे डोळ्यांना लगेच कळते.

काच कोणती आहे, हेही विक्रेत्याला आधी सांगावे. फिल्म लावल्यावर काचेचे स्वतःचे तापमान वाढते, कारण ऊर्जेचा काही भाग तिच्यातच शोषला जातो. काचेचा मधला भाग उन्हात तापलेला आणि कडा चौकटीच्या सावलीत थंड, असा फरक फार वाढला तर काच तडकू शकते. रंगीत काच, तारेची जाळी असलेली काच, दुपदरी काच आणि कडेला टवका उडालेली जुनी काच यांना हा धोका अधिक असतो. अशा काचांना फार शोषण करणारी फिल्म लावू नये. खडबडीत नक्षीच्या काचेवर फिल्म चिकटत नाही. फिल्म लावल्यानंतर आतून काचेला हात लावला तर ती पूर्वीपेक्षा गरम लागते, आणि फिल्म निरुपयोगी ठरल्याची तक्रार सुरू होते. वस्तुतः जी उष्णता पूर्वी फरशीवर जात होती, तिचाच काही भाग आता काचेत थांबलेला असतो.

लावण्याची रीत आणि वेळ

फिल्म लावण्याचे काम कौशल्याचे असले, तरी अवघड नाही. काच साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्लेडने रंगाचे थेंब व चिकटलेली धूळ खरवडून पूर्ण स्वच्छ करावी लागते. काळ्या मातीच्या मुलखातील बारीक धूळ हा या कामाचा पहिला शत्रू. एक कण राहिला तरी तेथे कायमचा फुगा दिसतो. म्हणून पंखा बंद करून, फरशीवर पाणी शिंपडून काम करावे. काचेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर सौम्य शाम्पूचे पाणी भरपूर फवारले, की फिल्म काचेवर सरकवून जागेवर आणता येते. मग रबरी पट्टीने मध्यातून कडांकडे पाणी ढकलत न्यायचे. कडेला दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवून फिल्म कापावी. चौकटीला टेकलेली फिल्म पुढे सुटू लागते.

सुरुवातीला फिल्मखाली धुके किंवा पाण्याचे बारीक फुगे दिसतात. ते काही आठवड्यांत आपोआप सुकतात. साधारण महिनाभर काच पुसू नये. नंतरही मऊ कापड आणि साबणाचे पाणी पुरेसे असते. वर्तमानपत्राचा कोरडा कागद चोळून काचा लखलखीत करण्याची आपल्याकडची जुनी सवय फिल्मच्या बाबतीत सोडावी लागते. धुळीसकट चोळल्याने ओरखडे पडतात.

हे काम एप्रिलच्या दुपारी काढणे चुकीचे. तापलेल्या काचेवर फवारलेले पाणी क्षणात उडून जाते, फिल्म जागेवर आणण्याआधीच चिकटते आणि सुरकुत्या पडतात. दिवाळीनंतर ते होळीच्या आधीपर्यंतचा काळ, आणि त्यातही सकाळची वेळ, सर्वांत सोयीची. मागणी कमी असल्याने कारागीरही तेव्हा सवडीने काम करतात.

स्वस्त पर्यायांचे काय?

फिल्मचा खर्च परवडत नाही किंवा घर भाड्याचे आहे, अशांसाठी जुने उपाय आजही मोलाचे आहेत. पश्चिमेच्या खिडकीबाहेर, काचेपासून वीतभर अंतर ठेवून बांबूचे तट्टे किंवा हिरवी जाळी टांगली, तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. तापलेल्या तट्ट्याची उष्णता मधल्या फटीतून वाऱ्याबरोबर निघून जाते. याबाबतीत बाहेरची सावली महागड्या फिल्मलाही मागे टाकते. वाळ्याच्या ताट्या पाणी मारून लावण्याची पद्धत याच प्रदेशात रुळलेली होती. तिला पाणी लागते, पण खिडकी उघडी ठेवता येते. जागा असेल तर पश्चिमेला लावलेला कडुनिंब काही वर्षांत खिडकीच काय, भिंतही सावलीत घेतो.

स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमचा कागद काचेला चिकटवण्याचा प्रघातही दिसतो. तो ऊन परतवतो, पण खोलीत अंधार करतो आणि काढताना काच खराब करतो. माणसांचा दिवसभर वावर नसलेल्या अडगळीच्या खोलीपुरता तो ठीक.

उन्हाळ्याच्या तयारीचा क्रम त्यामुळे असा लावता येतो. गच्ची आपल्या डोक्यावर असेल तर फाल्गुनातच तिला चुन्याचा लेप. नंतर पश्चिमेच्या खिडकीबाहेर सावलीची सोय. बाहेरून काही टांगणे शक्य नसेल, वरच्या मजल्यावर वारा ते टिकू देत नसेल किंवा बाहेरचे दृश्य आणि उजेड दोन्ही हवे असतील, तर त्या खिडकीला माहितीपत्रक पाहून निवडलेली परावर्तक फिल्म. मग फटींच्या पट्ट्या आणि शेवटी कूलर किंवा वातानुकूलन यंत्राच्या क्षमतेचा विचार. या क्रमाने गेलेल्या घराला बहुधा आधी वाटले होते त्यापेक्षा लहान यंत्र पुरते. होळीला अजून अवकाश असेल, तर पश्चिमेच्या खिडकीचे माप आजच घेऊन ठेवावे.